तिला शुगर आहे, तिच्याकडे साखर आहे

नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवायला लागल्यापासून माझा सगळ्यात जास्त वेळ कशावर जात असेल, तर एका चिमुकल्या क्रियापदावर : हॅव. ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. परदेशी निघालेल्या नर्सला अवघड जात असतील ती औषधांची नावं, नाहीतर तिकडच्या लोकांचे उच्चार, असा सगळ्यांचा समज. औषधांची नावं या मुलींना माझ्यापेक्षा कितीतरी चांगली येतात. उच्चारांचा कान महिन्या-दोन महिन्यांत तयार होतो. अडतं ते ‘हॅव’पाशी.

मी मूळची हायस्कूलची शिक्षिका. आठवी ते दहावी, मराठी माध्यम. निवृत्तीनंतर मिरजेत संध्याकाळचा हा वर्ग घ्यायला लागले. मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९० च्या दशकात वॉन्लेस डॉक्टरांनी इथं मिशनचं रुग्णालय काढलं, तेव्हापासून आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि पलीकडून कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात. साहजिकच इथं नर्सिंग शिकणाऱ्या आणि करणाऱ्या मुलीही पुष्कळ. त्यातल्या काहींना आता ब्रिटन, आयर्लंड खुणावतं. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलनं २०१७ पासून ‘ओईटी’ ही आरोग्यसेवेतल्या माणसांसाठीची इंग्रजीची परीक्षा मान्य केली आणि माझ्या वर्गाची दिशाच बदलली. या परीक्षेत निबंध नसतो. पाऊण तासात रुग्णाची टिपणं वाचून दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायचं, १८० ते २०० शब्दांचं. तोंडी परीक्षेत दोन प्रसंग : समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होतो, तीन मिनिटं तयारीला, पाच मिनिटं बोलायचं. म्हणजे रोजचंच काम, फक्त इंग्रजीत.

आणि या रोजच्या कामात ‘हॅव’ नाही असं वाक्य शोधावं लागतं. ताप आहे, ॲलर्जी आहे, मागे ऑपरेशन झालंय, नाश्ता झालाय, गोळी घ्यायचीय, एक्स-रे काढून घेतलाय, भेटायला येणारं कुणी आहे का : मराठीत ही सात वाक्यं वेगवेगळ्या वाटांनी जातात, इंग्रजीत सातही ‘हॅव’च्या दारातून.

शाळेत आपण हे क्रियापद कसं शिकतो? पाढ्यासारखं. आय हॅव, वुई हॅव, यू हॅव, ही हॅज, शी हॅज. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं; त्याआधी पाचवीपासून होतं. माझ्या वर्गातल्या आजच्या मुली सगळ्या पहिलीपासूनवाल्या. पाढा त्यांना झोपेतही येतो. ‘शी हॅव’ असं क्वचितच कुणी म्हणतं, आणि म्हटलं तरी त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, ऐकणाऱ्याला कळतं. आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षं लाल शाई खर्च केली ती नेमकी या ‘हॅव-हॅज’वर, कारण ते तपासायला सोपं. खरी गाठ कुठं आहे हे वहीत दिसत नव्हतं. ते मला या मुलींच्या बोलण्यात दिसलं.

गाठ अशी की मराठीला ‘हॅव’ नाही. ‘असणे’ आहे. आणि एखादी गोष्ट माणसाची असते ती कशी असते, याबाबत मराठी फार चोखंदळ आहे. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे दोन भाऊ आहेत असं म्हटलं, तर वर्गातून लगेच येतं, ‘किती दिवस राहणारेत, मॅडम?’ टेबलाला चार पाय आहेत. टेबलाकडे असतील तर ते कुठून तरी आणून ठेवलेले असणार. तिच्यात धमक आहे, त्याच्याजवळ सुटे पैसे आहेत, बाळाच्या अंगात ताप आहे. नातं, अवयव आणि आजार यांना ‘ला’, जे देता-घेता येतं त्याला ‘कडे’ नाहीतर ‘जवळ’, स्वभावाला ‘त’. हे कुणी आपल्याला शिकवलेलं नसतं, आणि चुकत मात्र कुणीच नाही. मी वर्गात फळ्यावर दोन वाक्यं लिहिते : ‘तिला शुगर आहे’ आणि ‘तिच्याकडे साखर आहे’. दोन्हींचं इंग्रजी करा म्हणते. दोन्हींचं होतं ‘शी हॅज शुगर’. मुली हसतात, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात येतं की ‘हॅव’ हा आपल्या कुठल्याही एका शब्दाचा जोडीदार नाही. तो सगळा ‘ला-कडे-जवळ-त’चा संसार एकटा सांभाळतो, आणि त्यासाठी माणसाला वाक्याच्या गादीवर बसवतो. मराठीत ताप येतो, जातो, असतो. माणूस बापडा त्याला सोसतो. इंग्रजीत माणूस तापाचा मालक.

बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं १९६० मध्ये यावर एक निबंध लिहिला होता. त्याच्या मते ‘कडे असणे’ ही रचना जगातल्या भाषांत सर्रास सापडते. ‘हॅव’सारखं स्वतंत्र क्रियापद हीच उलटवून बसवलेली, अपवादात्मक सोय. हे मी मुलींना मुद्दाम सांगते. इंग्रजी येत नाही याचा दोष आपल्या डोक्यात आहे, असं मराठी मुलीला कायम वाटत असतं. हिंदी, संस्कृत, रशियन यांनाही ‘हॅव’वाचून काही अडलेलं नाही, हे कळलं की पाठीचा कणा जरा ताठ होतो. ब्रिटनमध्येच, वेल्समध्ये जी वेल्श भाषा बोलतात, तिच्यातही मोटार माणसापाशी ‘असते’; उत्तरेत एका शब्दानं, दक्षिणेत दुसऱ्या.

आता ‘इज हॅविंग’. भारतीय इंग्रजीची थट्टा करायची म्हटलं की पहिलं हेच घेतात. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘पेशंट इज हॅविंग फीवर सिन्स थ्री डेज’. निस्सिम एझिकिएल यांची ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही कविता अख्खी या चालू काळावर चालते. निरोपसमारंभात बोलणारा माणूस प्रत्येक क्रियापदाला ‘इंग’ लावत सुटतो. एझिकिएल मुंबईचे, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल घरातले. इंदिरा संतांच्या कविता त्यांनी एका सहकारी अनुवादकाबरोबर इंग्रजीत नेल्या. त्यांच्या कानाला हा ‘इंग’ घरचा वाटला असणार. कवितेत तो गंमत म्हणून छान आहे. पण शिक्षकांच्या खोलीत त्यावर जे हसं होतं ते मला कधी फारसं रुचलं नाही, कारण हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो का चूक आहे हे सांगता येतं. ‘स्टेटिव्ह व्हर्ब्जना इंग लावत नाहीत’ असं रेन आणि मार्टिनच्या जाड पुस्तकातलं कलम ऐकवतात. (या जोडीतला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होता आणि ‘बो जेस्ट’ नावाची फ्रेंच परकीय फौजेची साहसकथा लिहून १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्याकरणानं ज्यांचं रक्त आटवलं, त्यांना हे सांगितलं की फार बरं वाटतं.)

कलम पाठ करूनही मुली अडखळतात, कारण वॉर्डात ‘इज हॅविंग’ बरोबर असल्याची उदाहरणं रोज कानावर येतात. शी इज हॅविंग फिट्स. शी इज हॅविंग हर लंच. शी इज हॅविंग ॲन ऑपरेशन टुमॉरो. शी इज हॅविंग अ बेबी. सगळी शुद्ध. मग मधुमेहाला का चालत नाही?

यावर उपाय मला पुस्तकात मिळाला नाही, मराठीत मिळाला. मी म्हणते, वाक्य आधी मनात मराठीत म्हणा. ‘झटके येतायत’, ‘जेवण चाललंय’, ‘ऑपरेशन होणारे’ : काहीतरी घडतंय, घडणार आहे, इंग लावा. ‘मधुमेह आहे’, ‘दोन भाऊ आहेत’, ‘ॲलर्जी आहे’ : नुसतं ‘आहे’, घडत काहीच नाही, इंग काढा. दहातल्या आठ-नऊ वेळा हे बसतं. उरलेल्या वेळी फसतं, आणि ते फसणंही सांगून टाकावं लागतं. ‘ताप येतोय’ला हा नियम ‘इज हॅविंग फीवर’ करून देईल; तिथं ‘हॅज अ फीवर’ किंवा ‘इज रनिंग अ टेंपरेचर’ म्हणायचं. उलट ‘आर यू हॅविंग एनी पेन?’ हा प्रश्न इंग्लंडमधली नर्सही सहज विचारते, व्याकरणाचं कलम काहीही म्हणो. दुखणं हे असतंही आणि होतही असतं. एकदा कवठेमहांकाळकडची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, दुखतंय म्हणजे चालूच असतंय की ते. इंग्रजाला एवढं कळतंय म्हणायचं.’ मी तिला पैकीच्या पैकी दिले.

‘सिन्स थ्री डेज’बद्दल फार बोलत नाही. तीन दिवस ही मुदत, सोमवार ही सुरुवात. मुदतीला ‘फॉर’, सुरुवातीला ‘सिन्स’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालतं म्हणून घोळ. दोन दिवसांत सुटतो.

सुटत नाही ते वेगळंच. ‘आय ॲम कम्प्लिटेड माय ट्रेनिंग’ हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या अर्जात असतं. शिक्षण पूर्ण केलेल्या, वॉर्ड एकटीनं सांभाळणाऱ्या मुली. त्यांच्या अर्जाचं पहिलंच वाक्य असं. का येतं ते उघड आहे. ‘मी ट्रेनिंग पूर्ण केलं आहे.’ झालेल्या गोष्टीच्या शेपटाला मराठी ‘आहे’ लावते, आणि ‘आहे’ म्हणजे ‘इज-ॲम-आर’ हे पहिलीपासून डोक्यात ठोकलेलं. इंग्रजी मात्र झालेल्या कामाचीही मालकी घेते : आय हॅव कम्प्लिटेड. काम केलं, आता ते माझ्या खात्यात. मालकीची ही कल्पना एकदा पटली की ‘हॅव ईटन’, ‘हॅव गिव्हन’ आपोआप येऊ लागतात. पाढा म्हणून येत नव्हते.

इथपर्यंतच्या चुका म्हणजे मार्कांच्या गोष्टी. माझं डोकं खरं फिरलं ते हँडओव्हरच्या सरावात.

पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला रुग्णाची माहिती देते, तो हँडओव्हर. आपल्याकडे तो मराठीत होतो, मधेमधे इंग्रजी शब्द पेरून. ‘सिस्टर, सहा नंबरला इन्सुलिन दिलंय का द्यायचंय?’ ‘दिलंय.’ संपलं. ‘दिलंय’ आणि ‘द्यायचंय’ यांत गोंधळ व्हायला माणूस बहिरा असावा लागतो. आता हेच इंग्रजीत करा. ‘शी हॅज हॅड हर इन्सुलिन.’ ‘शी हॅज टू हॅव हर इन्सुलिन.’ एकाचा अर्थ झालं, दुसऱ्याचा अर्थ व्हायचंय, आणि दोन्ही वाक्यं ‘हॅव’चीच बनलेली. त्यात तिकडचे लोक ‘शी हॅज’चं ‘शीज’ करतात : ‘शीज हॅड हर इन्सुलिन.’ घाईत बोलणाऱ्या नवख्या मुलीच्या तोंडून यातलं काहीच धड येत नाही. येतं ते ‘पेशंट हॅव इन्सुलिन’. लाल शाईवाल्या शिक्षिकेला यात फक्त ‘हॅज’ हवं होतं असं वाटेल. पण ‘पेशंट हॅज इन्सुलिन’ हे शुद्ध वाक्यही तितकंच निरुपयोगी आहे. दिलं की द्यायचं? ऐकणारीनं दिलं नाही असं समजून पुन्हा दिलं तर? चार्टवर सही असते, तपासण्याचे नियम असतात, हे खरं. पण तोंडचं वाक्य ही पहिली तटबंदी आहे, आणि ती भक्कम हवी.

त्यात ‘हॅड टू’ची भर. ‘शी हॅड टू टॅब्लेट्स’ म्हणजे तिनं दोन गोळ्या घेतल्या. ‘शी हॅड टू टेक टॅब्लेट्स’ म्हणजे तिला गोळ्या घ्याव्या लागल्या. आपण दोन्ही ‘टू’ सारख्याच जोरानं म्हणतो. इंग्रज तसं करत नाही. बंधनाचा ‘हॅव टू’ तो ‘हॅफ्ट’ असा काहीतरी गिळून टाकतो, ‘व’चा ‘फ’ होतो. दोन या आकड्याचा ‘टू’ मात्र स्पष्ट, लांब. हे मी शाळेत इतकी वर्षं असताना कुणाला शिकवलं नव्हतं, कारण तिथं त्याची कुणाला गरज नव्हती. इथं मी मुलींना समोरासमोर न बसवता पाठमोऱ्या बसवते. एकीनं सांगायचं, दुसरीनं फक्त कानानं ऐकून लिहायचं : दिलं, की द्यायचं, की दोन दिल्या. पहिल्या आठवड्यात वह्या जुळत नाहीत. कागदावरची ही गफलत वॉर्डात काय करेल हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं कळतं, म्हणून या सरावात कुणी मोबाइल बघत नाही.

परदेशी दवाखान्यांत हँडओव्हरचा एक साचा रूढ आहे, ‘एसबार’. अमेरिकी आरमाराच्या पाणबुड्यांतून तो रुग्णालयांत आला. आधी सध्याची स्थिती, मग मागचा इतिहास, मग आपला अंदाज, मग काय करावं ही सूचना. मुलींना हा साचा पाठ असतो. मी त्यात एवढंच दाखवते की प्रत्येक घराचा ‘हॅव’ वेगळा आहे. स्थिती : ‘शी हॅज चेस्ट पेन.’ इतिहास : ‘शी हॅड अ हार्ट अटॅक इन २०१९’, आणि आज काय दिलं त्यासाठी ‘शी हॅज हॅड ॲस्पिरिन’. अंदाजात पुन्हा ‘मे हॅव’. सूचनेत ‘शी नीड्स टू हॅव ॲन ईसीजी’. या क्रियापदाचे काळ शिकवायला याहून चांगलं कोष्टक मला तरी कुठल्या व्याकरणात दिसलेलं नाही. प्रश्नातला ‘हॅव’ मात्र पिढीगणिक बदलला. आजी-आजोबांच्या पिढीनं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवलं. त्या काळचं ‘हॅव यू अ पेन?’ अजून एखाद्या निवृत्त भाऊसाहेबांच्या तोंडी सापडतं. मुलींना मी सांगते, ते चूक नाही, जुनं आहे. तुम्ही ‘डू यू हॅव’ म्हणा, आणि समोरचा ‘हॅव यू गॉट’ म्हणाला तर दचकू नका.

पत्रलेखनात आणखी एक ‘हॅव’ येतो, तो मला सगळ्यात आवडतो. ‘मी काल एक्स-रे काढला’ असं आपण खुशाल म्हणतो. काढला तंत्रज्ञानं, आपण नुसते श्वास धरून उभे होतो. ‘मी घर बांधलं’, ‘केस कापले’, ‘डोळ्यांचं ऑपरेशन केलं’ : मराठी उदार आहे, ज्याचं काम झालं त्यालाच श्रेय देऊन मोकळी होते. याचं सरळ इंग्रजी पत्रात उतरलं की ‘द पेशंट डिड अ सीटी स्कॅन’ होतं, आणि वाचणाऱ्या डॉक्टरला क्षणभर वाटतं, रुग्णच रेडिओलॉजिस्ट आहे. तिथं ‘हॅड अ सीटी स्कॅन’, किंवा ‘हॅड हर आइज टेस्टेड’. मालकी इथंही आहेच. काम दुसऱ्यानं केलं, पण घडलं ते तिच्या खात्यावर.

शब्दकोश बघायची सवय लागावी म्हणून हॉर्नबींची हकिगत सांगते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत. शिकणाऱ्याला शब्दाचा अर्थ देऊन भागत नाही, तो वाक्यात कुठं आणि कसा बसतो ते द्यावं लागतं, हे त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांकडून ओळखलं. तो शब्दकोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं तो घेतला, आणि आज मुलींच्या फोनमध्ये असतो तो त्याचाच वंशज. त्यात ‘हॅव’ची नोंद उघडा म्हटलं की बोट सरकवून सरकवून मुली कंटाळतात. हॅव अ वॉश, हॅव अ लाय-डाउन, हॅव अ लुक. इंग्लंडची नर्स छातीला स्टेथोस्कोप लावतानाही ‘लेट मी हॅव अ लिसन’ म्हणते. यांना नियम नाही, ऐकायचे, उचलायचे. आपण ‘बसून घ्या’, ‘जेवून घ्या’ म्हणतो तेव्हा तरी कोण काय घेत असतं?

गेलेल्या मुली अधूनमधून व्हॉट्सॲपवर शंका पाठवतात. मध्यंतरी उत्तर इंग्लंडमधल्या एका वृद्धांच्या वॉर्डातून आमच्याच एकीचा निरोप आला. ‘हॅव’ आता पक्का झालाय, असं आधी लिहिलं होतं. ‘हॅव यू हॅड युवर टॅब्लेट्स?’ विचारलं की आज्या नीट उत्तर देतात. पण आज एक आजी म्हणाली, ‘आय कुड डू विथ अ कप ऑफ टी, लव्ह.’ पुढं लिहिलं होतं, ‘मॅडम, कपाबरोबर हिला नक्की काय करायचंय?’

मी उत्तर पाठवलं, ‘आधी चहा दे. ‘डू’ रविवारी घेऊ.’